बॅग रिकामी करायची की नाही?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं मुलांसह सतत प्रवासात असलेल्या कुटुंबांची आहेत. त्यातलं एक लांबलचक पत्र थोडं आटोपशीर करून आधी घेते, कारण बाकीच्यांच्या शंकाही हिंडून-फिरून तिथेच येतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं आणि नवऱ्याचं, दोघांचंही काम लॅपटॉपवर चालतं. घर सोडून, मोजक्या बॅगा घेऊन आम्ही मुलांसह फिरतोय, त्याला दोन वर्षं होऊन गेली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. दर आठ-दहा दिवसांनी मुक्काम हलतो. सुरुवातीला मुलं हरखून जायची. आता नव्या ठिकाणी पोचलो की मुलगी आधी विचारते, ‘इथे किती दिवस?’ उत्तर ऐकते, वरचे दोन कपडे काढते, चेन लावते आणि बॅग पलंगाखाली सरकवते. धाकटा बाहेर पडायचं म्हटलं की कुरकुर करतो. मलाही हल्ली रोजचा साधा दिवस हवासा वाटतो. नवरा म्हणतो, ‘एवढं सगळं सोडलं ते चार भिंतींत बसायला का?’ थांबलो तर हरल्यासारखं होईल का? आणि थांबायचं तर कुठे, किती दिवस, आणि दिवसभर करायचं काय?

उत्तर : तुमच्या मुलीनं निम्मं उत्तर दिलेलंच आहे. बॅग बंद ठेवते ती रुसून नाही. उघडलेली बॅग पुन्हा भरावी लागते आणि ते काम आपल्याच अंगावर पडतं, हे तिला पाठ झालंय. आठ दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा तिचा हिशेब आहे आणि तो चोख आहे. या वयाची मुलं ‘मी दमले’ असं क्वचितच बोलून दाखवतात. ती आपला पसारा मांडायचं बंद करतात. म्हणून सरळच सांगते, थांबा. पुढचा मुक्काम ठरवताना तो किमान तीन महिन्यांचा ठरवा. तीनच का, ते सांगतेच.

आधी झोपेचं बोलू, कारण धाकट्याच्या कुरकुरीचं मूळ बहुधा तिथे आहे. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये त्यामागचं एक कारण दाखवून दिलं. अनोळखी जागेत पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो बारीकसारीक आवाजांवर कान ठेवून असतो. हा अभ्यास मोठ्या माणसांवर झाला होता, पण मुलांना रात्री अंथरुणात चुळबुळताना आपण बघतोच. दर आठ-दहा दिवसांनी पलंग बदलणाऱ्या घरात अशा पहिल्या रात्री वर्षभरात किती येत असतील! त्यात निघायच्या दिवशी पहाटे उठवलेलं, गाडीत मान टाकून झोपलेलं, पोचल्यावर उशिरापर्यंत जागलेलं मूल धरा. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं 6 ते 12 वयाच्या मुलांसाठी दिवसाला 9 ते 12 तास झोपेची शिफारस केली आहे. तुमची दोन्ही मुलं या वयोगटात बसतात. मुक्काम केल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांना काहीही दाखवायला नेऊ नका. उशिरापर्यंत झोपू द्या, दुपारी लोळू द्या. लांबचा विमानप्रवास करून आला असाल, तर जितक्या तासांचा फरक पडला साधारण तितके दिवस शरीराचं घड्याळ जुळायला लागतात, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो, हेही धरून चला.

आता नवऱ्याचं म्हणणं. ते मी झटकून टाकणार नाही. त्यानं कामाची घडी बदलली, घर सोडलं, नातेवाइकांच्या प्रश्नांना तोंड दिलं. त्याला वाटणारच की हे सगळं वाया जातंय. पण एखादं गाव दहा दिवसांत फार तर बघून होतं. शाळा सुटली की कुठल्या रस्त्यावर गलका होतो, संध्याकाळी म्हातारी माणसं कुठल्या कट्ट्यावर बसतात, पाऊस अचानक आला तर लोक कुठल्या छपराखाली धावतात, हे कळायला तिथे पुष्कळ साधे दिवस घालवावे लागतात. आणि मला खात्री आहे, घर सोडताना तुमच्या नवऱ्याच्या मनात हेच होतं. लोक कसे जगतात ते मुलांना जवळून दाखवायचं होतं. निघालात तेव्हा तो काय म्हणाला होता, ते आठवून त्याच्याशी बोला. मुलांच्या नावानं भांडू नका. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते सांगा. ‘मलाही हल्ली’ असं तुम्ही पत्रात कडेकडेनं लिहिलंय, ते त्याच्यासमोर मोकळेपणानं येऊ द्या.

तीन महिन्यांचा हिशेब मैत्रीचा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात 2018 मध्ये एक अभ्यास झाला. नव्या गावी राहायला आलेल्या माणसांना आणि विद्यापीठात नव्यानं दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना ओळखीपासून मैत्रीपर्यंत जायला किती सहवास लागतो, हे त्यात मोजलं. साधी मैत्री जुळायला साधारण 50 तास, खरी मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त तास लागतात, असं दिसलं. मुलं लवकर मिसळतात, मान्य. तरी अकरा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलाइतकं ते सोपं नसतं. ती आधी लांबून बघते. रोज दोन तास खेळायला मिळाले, तरी 50 तासांना जवळजवळ महिना लागतो. पहिला महिना बघण्यात आणि झोपण्यात जातो, दुसऱ्यात ओळख होते, तिसऱ्यात कुणीतरी दाराशी येऊन तिच्या नावानं हाक मारतं. ती हाक ऐकू येण्याआधी निघालात, तर थांबून काही उपयोग झाला नाही असं वाटेल आणि नवरा म्हणेल, ‘बघ, मी म्हणत होतो.’

तीन महिने म्हटल्यावर कागदपत्रं आलीच. युरोपचा विचार असेल, तर शेंगेन गटातल्या, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या 29 देशांत पाहुणा म्हणून कोणत्याही 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. हे दिवस सगळ्या देशांचे मिळून मोजले जातात, त्यात आलेला आणि गेलेला दिवसही धरतात. सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेलं की मोजणी नव्यानं सुरू होते, असं समजणारी कुटुंबं मला दर वर्षी भेटतात. तसं होत नाही. काम लॅपटॉपवर असलं तरी पर्यटक म्हणून आलेल्या माणसानं ते करावं की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. दूतावासाला लेखी विचारा. सहा महिन्यांच्या वर राहिलात तर कराचा प्रश्न येतो, कारण पुष्कळ देश वर्षात 183 दिवसांची रेघ धरतात. मुलांच्या शिक्षणाचंही बघून ठेवा. जर्मनीसारख्या देशात तिथे राहणाऱ्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, घरी शिकवून भागत नाही. कागदपत्रांबद्दल इतकं पुरे.

जागा निवडताना तुमची सवय आड येईल. दोन वर्षं तुम्ही खिडकीतून काय दिसतं ते बघून घर घेतलंय. आता खिडकीतून काहीही दिसो. काम करायला दार लावता येईल अशी खोली आहे का? चौघांना एका वेळी बसता येईल असं टेबल? कपडे वाळत घालायला दोरी? मुलगी एकटी चालत जाऊन काहीतरी आणू शकेल असं दुकान, आणि रोज ठरावीक वेळी मुलं जमतात असं मैदान? एवढं जिथे असेल तिथे राहा. गाव लहान घ्या. 1999 मध्ये इटलीत काही नगरप्रमुखांनी एकत्र येऊन ‘चित्तास्लो’ ही निवांत गावांची चळवळ सुरू केली. गाव निवांत राहावं म्हणून त्यांनी आखलेल्या अटींत एक अट आहे लोकसंख्या 50 हजारांच्या आत असण्याची. त्यातलंच गाव शोधत बसू नका, पण तो आकडा ध्यानात ठेवा. एवढ्या गावात तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, आणि तुमच्या मुलांना नेमकं तेच हवंय.

दिवसभर करायचं काय, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण दोन वर्षं रोज काहीतरी ठरवून केल्यावर तो पडणारच. माझ्या मुलांचं लहानपणही मुक्काम हलवण्यात गेलं. आमचं दोघांचं कामच फिरतीचं होतं. एका गावी आम्ही मुद्दाम जास्त राहिलो, तेव्हा मुलीनं कपडे वाळत घालायचं काम स्वतःहून घेतलं होतं. सकाळी ऊन आधी दोरीच्या डाव्या टोकाला यायचं आणि दुपारनंतर उजवीकडे सरकायचं. जाड कपडे सकाळी डावीकडे आणि पातळ कपडे मागाहून उजवीकडे घालायचे, हे तिनं बघून बघून ठरवलं. ऋतू सरला तसं ऊन पंधरा मिनिटं उशिरा येऊ लागलं, तर तिनं वेळ बदलली. कुणी शिकवलं नव्हतं. तेच अंगण, तीच दोरी आणि तेच काम रोज समोर होतं, म्हणून तिला तो फरक दिसला. माझा मुलगा त्याच गावात एकाच न्हाव्याकडे पुन्हा गेला. न्हाव्यानं काही न विचारता मानेवरचा भोवरा सांभाळून केस कापले. घरी येऊन तो मला म्हणाला, ‘त्याला माझं डोकं माहीत आहे.’

तर दिवस असा आखा की त्यात रोज तेच येईल. सकाळी त्याच वेळी अभ्यास, मग तुमचं काम, संध्याकाळी तेच मैदान. आठवड्यातून ठरलेल्या वारी वाचनालय, आणि मुलांना आपापल्या नावाचं सभासदपत्र मिळत असेल तर ते जरूर घ्या. कुंभारकाम, निसर्गफेरी, भाषेचा वर्ग असं काही लगेच लावू नका. निवांतपणाचं वेळापत्रक झालं की मुलांना त्यात पुन्हा सहलीचाच वास येतो. ती कंटाळली तर कंटाळू द्या. आणि फोटो टाकणं काही दिवस थांबवा; लोकांना दाखवण्याजोगं आज काय झालं, ही टोचणी त्याशिवाय जाणार नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फिरताना घरकाम निम्मं कुणाचंच नसतं. चादरी दुसरं कोणी बदलतं, घासायला भांडी कमी पडतात, केर काढण्याआधी आपण निघून गेलेलो असतो. थांबलात की हे सगळं एका दिवसात घरात येतं, आणि बहुतेक घरांत ते बिनबोभाट आईच्या पदरात पडतं. ‘साधं आयुष्य’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते असं एकटीनं ओढलं तर दोन महिन्यांत तुम्हीच म्हणाल, चला, निघू या. हे मी पुष्कळ घरांत बघितलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटलाय. म्हणून किल्ली हातात आल्याच्या दिवशीच कामं वाटून घ्या, तीही मोघम नको. ‘मी मदत करीन’ हे वाक्य चालणार नाही. कपडे धुण्यापासून घडी घालून कपाटात ठेवण्यापर्यंत सगळं एकाचं. संध्याकाळचा स्वयंपाक, म्हणजे काय संपलंय ते बघणं, आणणं, चिरणं, शिजवणं आणि नंतर ओटा पुसणं, हे सगळं दुसऱ्याचं. मुलीकडे एक पूर्ण काम द्या. धाकट्याला टेबल मांडू द्या. पाण्याचे पेले तिरके ठेवले तर तसेच राहू द्या. नवऱ्याच्या ‘चार भिंतीं’ना यातूनच अर्थ येईल. ज्या घराचा केर आपण काढतो, तिथून बाहेर कधी पडतो याची वाट माणूस सहसा बघत नाही.

शेवटी अस्वस्थतेचं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोघांपैकी कुणीतरी रात्री नकाशा उघडून बसेल. घाबरू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात एखादी रोजची गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. तुमच्या नवऱ्याला जास्त लागतील, त्याला तितके द्या. गतीमुळे मागे पडलेले तुमच्यातले जुने मतभेदही याच सुमाराला वर येतात. पैसे, पुढची शाळा, आई-वडिलांची तब्येत. गाडी पकडायची घाई नसते, तेव्हा या गोष्टी नीट बोलता येतात. बोला.

हरल्यासारखं होईल का, असं विचारलंत. मला तसं मुळीच वाटत नाही. दोन वर्षं मुलांना घेऊन हिंडायची हिंमत तुमच्यात होती, म्हणून मुलीच्या बंद बॅगेकडे तुमचं लक्ष गेलं.

प्रश्न : ताई, मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू बरेच महिने प्रवासात होते. आता चार महिने आमच्याकडे राहणार आहेत. आम्ही दोघं रोज काही ना काही आखतोय. नातेवाइकांच्या भेटी, कार्यक्रम, जवळपासच्या सहली. आणखी काय करावं?

उत्तर : तुमचा आनंद पत्रात ओसंडून वाहतोय, पण ही यादी बाजूला ठेवा. मूल प्रवासातूनच येतंय. त्याला तुमचा नेहमीचा दिवस द्या. तुम्ही सकाळी फिरायला जात असाल तर त्याला सोबत न्या, रोज त्याच वाटेनं. झाडांना पाणी घालायचं काम त्याचं करा आणि तो विसरला तर तुम्ही घालू नका, आठवण करा. त्याला एक कप्पा रिकामा करून द्या, ज्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. नातेवाईक येऊन भेटतील. त्यांना महिन्याभरानं बोलवा. सुनेला विचारा की तिला दिवसातले किती तास एकटीला हवेत, आणि तेवढे तास नातू तुमच्याकडे ठेवा.

प्रश्न : आम्ही चौघं गाडीतच राहतो. घर भाड्यानं घेणं परवडत नाही. आम्ही थांबणार कसे?

उत्तर : थांबायला पक्कं घर लागतंच असं नाही. गाडी कमी हलली की इंधनाचे पैसे वाचतात आणि गाडी लावून राहायच्या बऱ्याच तळांवर महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा कमी पडतो, तो आधी विचारा. फुकटच्या जागांना मर्यादा असते. उदाहरणार्थ, अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या बहुतेक जमिनींवर 28 दिवसांत 14 दिवसच तळ ठोकता येतो. अशा वेळी तळ बदला, पण एकाच परिसरात राहा. वाचनालय, मैदान, कपडे धुण्याची जागा, मुलांचा दवाखाना तोच ठेवा. गाडीतही प्रत्येक मुलाची एक जागा पक्की करा, भले ती वीतभर का असेना. रोज रात्री बिछाना घालायचा आणि सकाळी आवरायचा असेल तर तो ज्याचा त्यानं, त्याच कोपऱ्यात.

प्रश्न : तुमचा सल्ला मानून आम्ही एका गावात पाच महिने राहिलो. बारा वर्षांच्या मुलीला तिथे अगदी जिवाभावाची मैत्रीण मिळाली. आता व्हिसा संपतोय, पुढच्या महिन्यात निघावं लागेल. तिला अजून सांगितलेलं नाही. तिला रडताना बघायची माझी तयारी होत नाहीये.

उत्तर : ती रडेल. रडू द्या, तिचं काहीतरी खरंच सुटतंय. ‘पुढच्या गावात नवी मैत्रीण मिळेल’ असं चुकूनही म्हणू नका. तिला नवी नकोय. मुदत वाढवून मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आधी ती पडताळा, आणि तिला कळू द्या की तुम्ही पडताळली. तशी शक्यता नसेल तर निघायची नेमकी तारीख सांगा. उरलेल्या दिवसांत स्थळदर्शनाचा एकही बेत करू नका; त्या दोघींच्या रोजच्या वेळा त्यांना मोकळ्या ठेवा. मैत्रिणीच्या आईशी तुम्ही स्वतः बोला, पत्ता आणि फोन नंबर मोठ्यांनी मोठ्यांकडे द्यायचा असतो, म्हणजे तो हरवत नाही. पुढच्या मुक्कामाहून फोन करायचा वार आणि वेळ निघण्याआधीच ठरवा, घड्याळातला फरक धरून. वर्षभरात पुन्हा त्या गावी जाणं शक्य असेल तर महिना पक्का करा; शक्य नसेल तर ‘येऊ की’ असं म्हणून वेळ मारून नेऊ नका.

आणि पुढच्या महिन्याची वाट बघू नका, आजच संध्याकाळी सांगा. तिच्या हातात अजून चार आठवडे आहेत.